गटाराचं माप

भर उन्हात कोट घालून गटारात वाकलेला माणूस सरळ असूच शकत नाही, हे जयवंतानं पाहताक्षणीच ठरवून टाकलं. कन्हेरीहून वांगी घेऊन ती बारामतीच्या बाजारात बसली होती. त्यानं फीत ताणली, वहीत काही टिपलं आणि अदबीनं तिला पाटी जरा सरकवायला सांगितली. पाटी सरकली. दोघांच्या नजरा मात्र... जागच्या हलल्याच नाहीत. आपली बसायची जागा काढून घ्यायला आलाय मेला, असं तिनं शेजारच्या छबूमावशीला बजावलं.

पुढच्या बाजाराच्या आत उलगडा झाला. तो इंदापूरचा सोपान. सरकारी शिष्यवृत्तीवर वर्षभर विलायतेत राहून शहरांचं पाणी आणि गटारं शिकून आलेला. आणि त्याचंच स्थळ अप्पांकडे आलं होतं! महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सुपारी फोडायची, फक्त लेकीच्या होकारासाठी अप्पा थांबले होते.

तो तिला आवडला होता, पंचाईत तीच होती. कारण दुसऱ्या बाजारी तो पुन्हा वाकला, तेव्हा कोटाच्या कोपरावरचं ठिगळ तिला दिसलं. बारीक, एकसारखे टाके. मावशीनं वाकळ शिवता शिवता मान वर केली आणि म्हणाली, "बाईच्या हातचं काम हाय हे. तिकडं कुणीतरी हाय त्याची."

आठवडाभर ते ठिगळ जयवंताच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

तिसऱ्या बाजारी तिनंच त्याला बोलतं केलं. तिकडं दिवस कसा जायचा? तो खुलला. सकाळी गुडघ्यापर्यंत बूट चढवून जमिनीखालच्या गटारात उतरायचं. माणूस ताठ चालेल एवढी उंच गटारं. दुपारी वर्ग, संध्याकाळी नकाशे. रविवारी आपले कपडे आपणच धुवायचे.

"येवढ्या मोठ्या शहरात एक बी बाई न्हवती?"

"व्हती की. घरमालकीण. सत्तरीची. रोज उकडलेला बटाटा वाढायची."

"मग ठिगळ तिनंच लावलं आसंल."

"न्हाय... ते मी लावलं."

एवढं सोपं उत्तर तिला पटेना. तिनं मावशीच्या हातातली सुई घेतली, पाटीवरचं फाटकं फडकं ओढलं आणि दोन्ही त्याच्यापुढं धरलं.

"लावा."

शेजारच्या बाया हसू लागल्या. सोपान निमूट गटाराच्या कडेला बसला. त्यानं सुई धरली, ती डाव्या हातात. जयवंता टाके बघत राहिली. मावशीचे टाके उजवीकडं झुकायचे, याचे डावीकडं झुकत होते. कोपरावरचेही तसेच. आई वाकळा शिवायची, तिच्याजवळ बसून शिकलो, असं तो खाली मान घालून म्हणाला.

तिच्या छातीवरचा दगड उतरला. तरी एक शंका उरलीच होती.

"हेच गटार तिसऱ्यांदा मोजताय. लांबी वाढती का त्येची?"

त्यानं शेवटचा टाका ओढून दोरा तोडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"न्हाय. माप पयल्याच दिवशी झालं. तुमी हितं बसता... म्हणून येतो."

जयवंतानं शिवलेलं फडकं घडी करून कमरेला खोचलं आणि मावशीला सुई परत दिली.

"मावशी, माझ्या रुखवताची वाकळ अर्धीच शिव," ती म्हणाली. "उरल्याली शिवणारा मिळालाय."