बुडबुडे थांबेनात

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट हे सांगितलं की लोक हसतात. गावातल्या दोघांनी तर तोंडावर सुनावलं, वेनेता, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेल. पण जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. गेल्या मार्चमध्ये, बुधवारी दुपारी आमच्या फाटकासमोर आणि गुरुवारी सकाळी धरणाच्या रस्त्यावर. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना माझ्याकडे पाठवा.

आमचं गाव डेवीन नावाच्या छोट्या शहराच्या वर, डोंगरात. माझ्या बाबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा त्यांना मोठ्या शहरात डायलिसिसला न्यावं लागतं. दीड तासाचा रस्ता, त्यातला निम्मा धरणाच्या काठाकाठाने. बस केव्हाच बंद झाली. म्हणजे आमची गाडी चालू तर बाबा चालू.

आणि एका शनिवारी परत येताना गाडीचं इंजिनच बसलं.

माझा नवरा स्पास स्वतः गाड्या खोलतो, बांधतो. म्हणाला, दुसरी गाडी घेणं जमणार नाही, मी इंजिन बदलतो. रविवारी जाऊन मोडीतल्या गाड्यांच्या अड्ड्यावरून एक इंजिन घेऊन आला. आमच्याकडे त्या जागेला गाड्यांचं शवागार म्हणतात. पाटीवरच तसं लिहिलेलं असतं. जन्मभर तो शब्द वापरला, कधी अंगावर आला नाही.

इंजिन अगदी चकचकीत पुसलेलं होतं. ते बसवण्यात दोन दिवस गेले आणि मंगळवार चुकला. बाबांचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. तरी म्हणाले, "गुरुवारी जाऊ. मी कुठे पळून चाललोय."

बुधवारी दुपारी गाडी सुरू केली. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यावर. हिटर पूर्ण गरमवर ठेवलेला, आणि आतून वारा मात्र थंडगार.

स्पास म्हणाला, घाबरू नकोस, कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, हवा अडकलीय, इंजिन बदललं की होतंच असं. गाडी गार होऊ दिली, नाक वर करून चढावर लावली. रेडिएटरचं झाकण काढून कूलंट भरलं आणि इंजिन चालू ठेवून वरची रबरी नळी दाबत बसला. नळी दाबली की बुडबुडे येतात, हवा निघते, पातळी उतरते, की पुन्हा भरायचं. अर्धा तास, फार तर तासाचं काम.

दोन तास झाले.

बुडबुडे थांबेनात.

थर्मोस्टॅट नवा होता. नळ्यांच्या सगळ्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. मी स्पासच्या डोक्यावर उभी राहून खेकसत होते, की दुसऱ्यांच्या गाड्या बऱ्या चालतात तुझ्या हातून, घरची आली की हात लुळे पडतात. तो बिचारा नळी दाबत राहिला. शेवटी म्हणाला, हेड गॅस्केट गेलं असेल, चालू इंजिनचा वायू पाण्यात घुसतोय. तसं असेल तर इंजिन बंद केल्यावर बुडबुडे थांबतील.

त्याने किल्ली फिरवली. सगळं शांत झालं.

आणि...

एक बुडबुडा आला.

थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक. मग पुन्हा. माझी छाती नकळत त्याच तालावर वर-खाली व्हायला लागली, तेव्हा मला कळलं. कोणीतरी श्वास सोडत होतं.

"नळी सोड, स्पास," मी म्हणाले.

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. "मी दाबतच नाहीये," तो म्हणाला. "आतून कोणीतरी दाबतंय."

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून विचारलं, इंजिन घेताना तू नक्की काय विचारलं होतंस? तो म्हणाला, पाण्यात बुडालेल्या गाडीचं आहे का, एवढंच विचारलं. अड्ड्यावरच्या माणसाने मान खाली-वर केली. चांगली दोनदा.

आता आमच्याकडे मान खाली-वर केली की त्याचा अर्थ 'नाही'. आडवी हलवली की 'हो'. जग उलटं करत असेल, आम्ही असंच करतो. स्पास ते 'नाही' समजून निर्धास्त घरी आला.

मी त्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मी हो म्हणालो होतो की. मान डोलावली होती."

बावीस वर्षं जर्मनीत काढून आलेला. माणूस परत आला, मान तिकडेच राहिली.

गाडी आमच्याच धरणातून काढलेली होती. चालवणारा आत होता. दारं उघडलीच नव्हती. छताशी थोडी हवा अडकून राहिली होती, त्यामुळे तासभर तरी तो जिवंत असावा असं पोलीस म्हणाले होते. हे सगळं त्याने मला बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि फोन ठेवला.

स्पासला म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ ते इंजिन. तो म्हणाला, काढतो, पण उद्या बाबांना कशातून नेणार? शेजाऱ्याची गाडी प्लोवदिवला गेलेली. रुग्णवाहिका दुपारनंतर मिळणार होती, आणि बाबांची वेळ होती सकाळची. आतल्या खोलीतून त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

गुरुवारी आठ वाजता निघालो. लख्ख ऊन पडलेलं. मी चालवत होते, शेजारी स्पास पाण्याचे कॅन घेऊन, मागे बाबा.

धरण दिसेपर्यंत काटा मध्यावर होता.

मग चढायला लागला. हिटरमधून थंड वारा आला, त्याला चिखलाचा वास. मोठ्या वळणावर इंजिन आपोआप बंद पडलं. स्पास उतरायला गेला, तेवढ्यात...

खट्.

चारही दारांची कुलपं लागली. स्पासने खांदा मारला, लाथ मारली. उघडेनात.

मग मागून आवाज आला...

टक... टक... टक...

काचेवर. आतून.

मी आरशात पाहिलं. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

भीती वाटली का म्हणाल तर वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. बाबांचे ओठ निळे पडत चालले होते.

"ए मेल्या," मी ओरडले, "तुला कोणी काढलं नाही, वाईट झालं. पण माझ्या बापाने तुझं काय घोडं मारलंय? राग काढायचाय ना, मग जा त्या मान डोलावणाऱ्याकडे. आम्हाला सोड."

टकटक थांबली.

आणि बाबा बोलले. हळू आवाजात, माझ्याशी नाही, शेजारच्या रिकाम्या जागेशी.

"ये. इकडे सरक. माझ्याकडे आहे थोडी हवा."

दारं उघडली. हिटरमधून ऊबदार वारा यायला लागला. काटा मध्यावर उतरला आणि मी किल्ली फिरवली तशी गाडी सुरू झाली. आम्ही दवाखान्यात वेळेवर पोचलो. बाबा वाचले.

त्यानंतर गाडी एकदाही गरम झालेली नाही. स्पास झाकण काढून बघतो, बुडबुड्याचं नाव नाही. मी म्हणते, तरीही ते इंजिन काढून फेक. बाबा काढू देत नाहीत.

कारण मला माहीत आहे.

दर वेळी त्या वळणाशी बाबांच्या श्वासाचा आवाज बंद होतो. मी आरशात बघते. छाती हलत नसते. पहिल्यांदा मी किंचाळून ब्रेक मारला होता, मला वाटलं गेले. पण डोळे उघडे होते. घड्याळात बघितलं, चार मिनिटं तसेच होते. चार पायऱ्या चढून धापा टाकणारा माणूस. मग पुन्हा श्वास घेतला.

मी त्यांच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते. म्हटलं, काय चाललंय हे? मरायचंय का तुम्हाला?

ते शांतपणे म्हणाले, "तेवढा वेळ त्याची पाळी असते."

गेल्या शनिवारी मी पुन्हा घड्याळ लावलं...

सहा मिनिटं.