दहातून एक

देवकीबाईंच्या शाळेत दिवस प्रार्थनेने नाही, चिंचोक्याने सुरू व्हायचा. दारात टोपली, टोपलीत चिंचोके. आत येणाऱ्या पोराने एक चिंचोका उचलायचा आणि टेबलावरच्या करवंटीत टाकायचा. सगळी बसली की एकाने चिंचोके मोजायचे, बाईंनी डोकी मोजायची आणि फळ्यावर मांडायचं: आलेले अधिक न आलेले बरोबर पट. न आलेल्यांच्या जागी बाई एक चौकट काढायच्या. ७ + ▢ = ९. "चौकटीत काय ते शोधा," म्हणायच्या. पुढे बीजगणित म्हणून ज्याचा बाऊ करतात ते हेच, दुसरं काय? दुसरीतली पोरंसुद्धा चौकटी पटापट सोडवायची, आणि बाईंना त्याचा भारी अभिमान.

खर्डीहून रिक्षाने वीस मिनिटं, मग ओढा ओलांडून पायवाट, अशी ती वाडी. शाळा एका खोलीची. दुसरे गुरुजी बदलून गेले त्याला दोन वर्षं झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पट नऊ. आणि दहाच्या खाली पट असलेल्या शाळा बंद करणार, असं जो तो बोलत होता. सप्टेंबर संपायच्या आत तालुक्याचे साहेब डोकी मोजायला येणार होते.

शाळा बंद झाली तर पोरांनी ओढ्यापलीकडे साडेतीन किलोमीटर चालायचं. पोरगे जातीलही. पोरी घरी बसतील. हे बाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांची धाकटी बहीण दिपिका सापगावात अशीच पहिलीनंतर घरी बसली, ती आज चाळिशीतही एसटीची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेते. म्हणून बाई आजूबाजूच्या तीन पाड्यांवर दारोदार फिरल्या, चिखलात दोनदा चप्पल तुटली. जी पोरं होती ती आश्रमशाळेत, नाहीतर आईबापांबरोबर भिवंडीला. एक, फक्त एक पोर हवं होतं, आणि ते मिळत नव्हतं. रात्री जेवण घशाखाली उतरेना.

अशाच एका दुपारी वजाबाकी चालली होती. दुसरीतल्या भाविकासमोर दहा चिंचोके मांडले होते. ही पोर हुशार, पण शंकासुराची अवलाद.

"दहातून एक काढ," बाई म्हणाल्या.

भाविकाचा हात हवेतच राहिला. "कुठला काढू, बाई?"

"कुठलाही काढ."

"पन कुठला? ह्यो काळा हाय. ह्यो चपटा हाय."

"गणिताला काय फरक पडतो गो? कुठलाही काढलास तरी उरणार नऊच."

भाविकाला ते काही पटलं नाही. तिने बराच विचार करून चपटा चिंचोका उचलला आणि झग्याच्या खिशात घातला. "मग याला मी ठेवते. याला टाकायचा नाय."

बाईंना हसू आलं. त्या महिन्यातलं ते शेवटचं.

गुरुवारी पोरं गेल्यावर बाई हजेरीची वही उघडून नुसत्या बसल्या होत्या. भागी आली. भागी म्हणजे भाविकाची आई, शाळेत खिचडी शिजवायची. पदराला हात पुसत ती म्हणाली, "बाई, एक नाव लावून टाका."

"कुणाचं?"

"माझ्या घरातलं लावा. भागीला दोन पोरी हायत म्हनून सांगा. कोन बघाया येतंय?"

"साहेब येणारेत ना डोकी मोजायला."

"आजारी हाय म्हना. पोरं आजारी नाय पडत का?"

आयुष्यात एक उत्तर चुकीचं लिहिलं नव्हतं बाईंनी. पण बुडत्याला काडीचा आधार. पेन उचललं आणि दहाव्या ओळीत लिहिलं: रेश्मा नथू, इयत्ता पहिली. नथू म्हणजे भागीचा नवरा. शाई वाळेपर्यंत बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या.

शुक्रवारी चिंचोके मोजायची पाळी चौथीतल्या अक्षयची होती. "धा, बाई."

बाईंनी डोकी मोजली. नऊ. "कोणी दोन टाकले?" कोणीच टाकले नव्हते. बाईंनी करवंटी ओतून चिंचोके स्वतः मोजले. दहा. त्यातला एक ओला होता. कोणाचा तरी हात ओला असेल, असं म्हणून त्यांनी तो टोपलीत परत टाकला आणि हात साडीला पुसला.

शनिवारी खिचडी कमी पडली. तांदूळ तर मापूनच घेतला होता. जेवणं झाल्यावर भागी थाळ्या घासायला बसली आणि घासता घासता थांबली.

"बाई, एक थाळी जादा हाय."

"मोजायला चुकली असशील."

"वाढताना मी मोजत नाय, बाई. रांगेत पोरं जेवढी, तेवढ्या वाढते."

दहावी थाळी चाटूनपुसून साफ केलेली होती. भागीने ती राखेने दोनदा घासली आणि बाकीच्या थाळ्यांत न ठेवता वेगळी पालथी घातली.

सोमवारी अकराच्या सुमारास साहेब आले. बाहेर लख्ख ऊन, लवकर येणाऱ्या हळव्या भाताला पिवळेपणा चढलेला. आजारपणाची गोष्ट बाईंनी रविवारभर पाठ केली होती. ताप, गोधडी, भगताकडे नेलंय, सगळं. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, पेनाचं टोक एकेका पोराकडे दाखवत मोजलं आणि म्हणाले, "दहा."

बाईंनी मोजलं. नऊ. परत मोजलं. नऊच.

"हजेरी मीच घेतो," म्हणत साहेबांनी वही ओढली. एकेक नाव झालं. बाईंनी तोंड उघडलं, ताप हा शब्द ओठांवर आला.

"रेश्मा नथू."

"हजर, बाई."

आवाज मागच्या कोपऱ्यातून आला. तिथे भाविका बसायची. आवाज भाविकाचा नव्हता. एकाही पोराने मान वळवून बघितलं नाही.

साहेबांनी सही केली. "वाचली तुमची शाळा. आता पेढे कधी?"

बाईंना एकदम रडू आलं. शाळा वाचली होती. मागच्या कोपऱ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत भाविका टेबलाला खेटून उभी राहिली. एरवीची बडबडी पोर. हळूच म्हणाली, "बाई, तिला दुसरीकडं बसवा ना."

"कुणाला?"

"रेश्माला. माझ्या अंगाला चिकटून बसते. गार लागते." तिने झग्याचा खिसा मुठीत धरला होता. "माझी जागा मागते. माझी आयेपन मागते."

बाईंनी तिला जवळ घेतलं. पोरीचा एक दंड थंडगार होता, उजवा. डावा नेहमीसारखा.

हे नाव कोणी लिहिलं? आपणच. मग खोडायचंही आपणच. पोरं घरी गेल्यावर बाईंनी वही काढली. साहेबांचा कागद तालुक्याला गेला होता. पुढच्या सप्टेंबरचं पुढच्या सप्टेंबरात बघू, पण भाविकाच्या अंगाला काही लागता कामा नये. पट्टी ठेवून, लाल पेनाने, त्यांनी रेश्मा नथू या नावावर सरळ रेघ मारली. सवयीने बाजूला मांडलं: १० − १ = ९. खाली सही केली. घरी जायला लोकलने आटगावला उतरेपर्यंत छाती हलकी झाली होती, आणि कित्येक दिवसांनी त्या रात्री पोटभर जेवल्या.

बुधवारी करवंटीत नऊ चिंचोके होते. सगळे कोरडे. डोकी नऊ. बाईंनी मोठा श्वास सोडला, फळ्यावर उत्तर लिहिलं आणि हजेरीची वही उघडली.

लाल रेघ होती. पट्टीने मारलेली, सरळ. बाजूला वजाबाकी, खाली त्यांचीच सही.

रेघेखाली नाव होतं भाविका नथू.

दहावी ओळ स्वच्छ होती. निळ्या शाईत. रेश्मा नथू.

"भाविका कुठाय?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अक्षय म्हणाला, "कोन भाविका, बाई?"

मागच्या कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. भागी भाविकाला घालायची तशाच दोन वेण्या, त्याच लाल फिती. केस ओले.

बाई धावत खिचडीच्या पडवीत गेल्या. भागी तांदूळ निवडत होती.

"भागी, तुझी पोर कुठाय?"

"वर्गात नाय का?" भागीने मान उंचावून हाक मारली, "रेश्मे!" आतून ओ आली. "हाय की, बाई."

"भाविका गं, भागी. तुझी भाविका."

भागीचे हात सुपातच थांबले. ते नाव तिने ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग मान हलवली. "नाय, बाई. कोनाची?"

बाईंना भिंतीला टेकावं लागलं. भागी घाईने उठली, पाणी दिलं, आणि काहीतरी आठवल्यासारखं पिशवीतून एक झगा काढला.

"बरं झालं आलात. ह्यो झगा आमच्या दोरीवर वाळत व्हता. शाळेचाच हाय. रेश्माला घालून पायला, तिला व्हत नाय. शिवनीचा टाका माझ्याच हातचा दिसतो, पन कधी घातला काय आठवत नाय." ती झग्यावरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि का ते तिला कळत नव्हतं. "कोना पोरीला व्हईल तर बघा."

बाईंनी झग्याच्या खिशात हात घातला. चपटा चिंचोका.

त्या वर्गात परत आल्या. चिंचोका करवंटीत टाकला. वहीत, लाल रेघेच्या खाली, भाविका नथू असं परत लिहिलं, आणि मोठ्याने नाव पुकारलं. थांबल्या. परत पुकारलं. ओढ्याचा आवाज तेवढा येत होता.

मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: ९ + ▢ = १०. चौकट नीट जुळली नाही.

"चौकटीत काय?"

"एक, बाई," अक्षय म्हणाला.

"कुठला एक?" बाईंचा आवाज फुटला. "सांगा रे कोणीतरी. कुठला?"

कोणालाच असला प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता.

मागच्या कोपऱ्यातून उत्तर आलं, शहाण्या मुलीसारखं, हात वर करून.

"कुठलाही, बाई."