खांबात साठलेली घाण

"शी! हा खांब कुजलाय!" चिंगीने नाक दाबलं.

"सिमेंटचा खांब कुठे कुजतो का?" ढापण्या जवळ गेला आणि त्यानेही नाक दाबलं. "ई! खरंच गं!"

सुट्टीत ही दोघं भावंडं आत्याबरोबर कामावर आली होती. आत्या आर्किटेक्ट. सपाट गच्चीचं, नक्षीबिक्षी नसलेलं एक जुनं घर ती पुन्हा पहिल्यासारखं करत होती. पण दिवाणखान्याची भिंत ओल धरून काळी पडली, आणि ठेकेदार मालकीणबाईंच्या कानी लागला.

"असली गच्ची गळणारच, बाई! फोडून टाकू आणि वर उतरतं पत्र्याचं छप्पर घालू!"

मालकीणबाई आजच काय ते ठरवणार होत्या. छप्पर चढलं असतं, तर त्या घराचं मूळ रूप काही उरलंच नसतं. आत्याचा चेहरा एवढासा झाला होता.

चिंगीने खांबावर टकटक केलं. "अरे, पोकळ आहे हा!"

"आत्या म्हणाली नव्हती का? हे घर बांधणाऱ्याला बाहेर लोंबणारे पाइप खपत नसत. गच्चीचं पाणी खांबातून उतरतं!"

"मग तो तुंबलाय! म्हणूनच भिंतीला ओल!"

दोघं धूम गच्चीवर! तिथे जे दिसलं ते सांगायलाही किळस येते. साचलेलं हिरवट पाणी आणि खांबाच्या तोंडात कोंबलेलं खरकटं! बुरसटलेला पाव, चिकट पिशव्या, वळवळणाऱ्या अळ्या! ठेकेदार रोज इथेच जेवायचा आणि उरलंसुरलं भोकात लोटून द्यायचा. म्हणे मोठी माणसं!

"मी नाही हात घालणार!" चिंगी ओरडली.

ढापण्याने डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात घातला. चिंगीने ओकारी दाबत तिथेच पडलेला लोखंडी गज आत खुपसला.

खाली ठेकेदार हातात चहाचा कागदी पेला घेऊन त्याच खांबाला टेकून मालकीणबाईंना सांगत होता, "बाई, दोष या गच्चीचाच—"

भस्सकन! खांबाच्या पायथ्याच्या भोकातून काळं, कुजकं पाणी त्याच्या बुटांवर! पाठोपाठ त्याच्या हातातल्यासारखेच चहाचे कागदी पेले!

"स्वतःची घाण माझ्या भिंतीत मुरवलीत, आणि दोष गच्चीला?" मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. "शिसारी आली मला तुमची! निघा! गच्चीला कुणीही हात लावायचा नाही!"

पोरं घाणीने माखून खाली आली. आत्याने दोघांना तसंच छातीशी धरलं. मालकीणबाईंनी रुमाल बाजूला ठेवला आणि ढापण्याचा तो बरबटलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"शाबास रे पोरांनो! तुम्ही नसतात, तर आज मीच हे घर मोडलं असतं."