हिंदुरावाचा कान

मी कारळ्याच्या शेतात पालथी पडले होते, आणि डोक्यावरून कुणीतरी म्हणालं, “ओ बाई, काय चावलंय का काय?”

“हळू बोल. माशी उडेल.”

“उडाली.”

खरंच उडाली होती. रागानं वर पाहिलं तर — हिंदुराव. आमच्याच अकरावीतला, शेवटच्या बाकावरचा. दिवसभर शाळेत गप्प, संध्याकाळी चिंचवडच्या तालमीत. शेत त्याच्याच वडिलांचं होतं, म्हणजे चोर मीच.

“तुमी इंद्रायणी न्हवं, मुलींच्या बाकावरल्या? ह्यो डबा कसला?”

“डबा नाही, कॅमेरा आहे.”

हल्ली मी कुणाला घाबरत नाही. अर्जुनमामानं त्याचा जर्मन कॅमेरा दिवाळीपर्यंत माझ्या हातात दिल्यापासून तर नाहीच. मामा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहे. त्यानंच सांगितलं होतं, कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये एक नळी बसवायची, की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. विकतची नळी मुंबईला मिळते म्हणे. मी पुठ्ठ्याची केली... आणि पहिल्या रोलचे सगळे फोटो ताक सांडल्यासारखे पांढरट आले.

हिंदुराव उकिडवा बसला. मी भिंग काढून दिल्यावर त्यानं नळीत डोळा घातला.

“आत पार चकाकतंय की. इहिरीत ऊन पडल्यावानी. काळं करा आतनं.”

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईची काजळाची डबी मी नळीत रिकामी केली. तेव्हापासून उन्हात काजळ पाघळायचं आणि माझी बोटं कायम काळी.

मग उरला वारा. नळी लावली की फक्त वीतभर अंतरावरचं स्पष्ट दिसतं. बोटभर मागेपुढे झालं की गेलं. भिंग फिरवून उपयोग नाही, आपणच पुढेमागे झुलायचं. शिवाय नळी उजेड खाते, म्हणून कळ दाबून आतली झडप जरा वेळ उघडी धरावी लागते. तेवढ्यात फूल डोललं की संपलंच.

म्हणून फूल हिंदुराव धरायचा. दोन बोटांत देठ, श्वास बंद. तालमीत त्याला दम धरायला शिकवलेला.

“तालमीत तुला दगडच म्हणतात का रे?”

“तुमास्नी काय, दगडाचा बी फोटू काढाल.”

“काढीन की. दिसायला बरा असला तर.”

त्याचे कान लाल झाले. त्यातला उजवा कुस्तीत चुरगळून सुकल्या अंजिरासारखा झालेला. मला तो कान फार आवडायला लागला होता... पण हे कुणाला सांगणार?

दुसरा रोल आला तेव्हा माशीच्या पायावरचा परागसुद्धा कणाकणानं दिसत होता.

“फूल एवढं स्थिर कसं गं?” मामानं विचारलं.

“वारा नव्हता,” मी म्हटलं.

वसुबारसेच्या संध्याकाळी, देठ हातात धरूनच हिंदुराव म्हणाला, “उद्या कोल्हापूरला चाललो. तिकडच्या तालमीत. शाळा बी तिकडंच.”

“कधी ठरलं?”

“आबांनी कवाच ठरवलेलं. सांगायचं... ऱ्हायलं.”

रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता. मला अख्खा हिंदुराव हवा होता, हसरा, कारळ्याच्या पिवळ्या शेतात उभा. नळी ओढली तर निघेना. डुगडुगते म्हणून आदल्या दिवशी मीच डिंक थापला होता.

“फोडू का?” त्यानं हात पुढे केला.

“मामाचं भिंग आहे ते.”

नळीतून तो नुसता धुरकट दिसत होता. जवळ गेले तर चेहरा मावेना.

“एवढ्या जवळनं माझा कानच येईल फकस्त.”

“मग कानच दे.”

माझी बोटं काळी होतीच. आई मला परीक्षेला जाताना लावते, तशी त्या चुरगळलेल्या कानामागे एक तीट लावली.

“ह्ये काय?”

“कोल्हापूरचे पैलवान बघणार ना तुला. दृष्ट नको लागायला.”

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कान पुढे केला.

“आता श्वास धर. सांगेपर्यंत सोडायचा नाही, आणि बोलायचंही नाही.”

कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघत मी हळूहळू पुढे झुलले... कान स्पष्ट झाला, काजळ स्पष्ट झालं. कळ दाबून धरली, आणि झडप उघडी असतानाच त्या कानात म्हटलं, “हिंदुराव, तू मला आवडतोस.”

खट्.

“सोड आता श्वास.”

त्यानं बराच वेळ सोडला नाही. मग उठला, टोपी झटकली आणि निघाला. बांधाच्या टोकाशी मात्र तो वळला.

“इंद्रायणी, फोटू धाडशील न्हवं?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ‘तुमी’ नव्हतं.

भाऊबीजेला मामा रोल धुऊन घेऊन आला. सतरंजीवर त्यानं फोटो मांडले. फुलं, माश्या, एक कोळी, सगळे रेखीव. शेवटच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं.

“हा फुकट गेला बघ. काय आहे हे? पार हललाय की.”

मी वाकून पाहिलं. कानाच्या लाटा झाल्या होत्या, आणि काजळाच्या ठिपक्याची लांब रेघ. वाऱ्यात पाकळीसुद्धा हलू न देणारा हिंदुराव...

“दे इकडे,” मी म्हटलं. “मामा, याच्या दोन प्रती काढून देशील?”