राईतला गलबला

देवराईच्या कडेला थाटलेल्या छोट्या प्रयोगशाळेत डॉ. मृणाल गवस पडद्यावरून नजर हलवत नव्हती. धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून पिल्लासह आत बसली होती, आणि तिला भरवणारा नर कालपासून रिकाम्या चोचीने परतत होता.

"राईतली उंबरं संपली," तिची सहकारी डॉ. रझिया मुकादम म्हणाली. "तरी तो बाहेर जात नाही. एवढी पाखरं बोलतायत म्हणजे इथे खायला असणारच, असं त्याला वाटतंय."

पाखरू रान मोजत नाही, ऐकतं. याच तत्त्वावर मृणालचं 'ध्वनिवन' चाले. झाडांत दडवलेले कर्णे इवल्याशा राईत मोठ्या जंगलाचा गलबला उठवत, आणि त्याला भुलून कित्येक वर्षांनी धनेश परतले होते. गावाने देवीच्या भयाने राईतली काडी कधी मोडली नव्हती. राईबाहेरचे वड-उंबर मात्र देवीचे नव्हते, म्हणून ते तोडून सगळीकडे काजू लावला होता.

"ध्वनिवन बंद केलंस तर तो डोंगरापलीकडच्या रानात जाईल, पिल्लू जगेल," रझिया म्हणाली. "पण पुढच्या वर्षी ती जोडी इथे यायची नाही."

ध्वनिवनाची कल्पना मृणालला मुळात सुचली होती ती वडिलांसाठी. आई गेल्यावर आबा पुण्याला यायला तयार होईनात, तेव्हा तिने गावच्या घरात असंच यंत्र बसवलं होतं. त्यातून भांडी वाजत, नातवंडं भांडत, आई गुणगुणे. आबा त्यात इतके रमले की पुण्याचं नावच काढेनात. पुण्यात मृणालला मात्र त्यांच्यावाचून घर ओकंबोकं वाटे.

तिने कळ दाबली आणि राई गप्प झाली. नर बराच वेळ फांदीवर बसून राहिला, मग काजूच्या बागांवरून डोंगराकडे उडाला. उन्हं कलताना परतला तो चोच भरून.

संध्याकाळी गावच्या घरी जाऊन तिने आबांना सारं सांगितलं. ती बोलत असताना आतून आईचं गुणगुणणं चालूच होतं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"घरातला यंत्र पण बंद कर गे."

"आबा, तुमका करमाचा नाय."

"कर तरी."

तिने बंद केलं. हे घर किती रिकामं आहे ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं. आबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले, मग त्यांनी पंच्याने डोळे पुसले.

"तुझ्याकडे माका जागा आसा काय?" त्यांनी विचारलं.