कुणालाही न ओळखणारा ब्राउझर

तिचं काम लोकांना सांगून समजत नसे. मावशीला तिने एकदा सांगून पाहिलं होतं, "इंटरनेटवर कुणी काही शोधलं की माझ्या गिऱ्हाइकांची नावं वर यायला हवीत, एवढंच बघते गं मी." मावशी म्हणाली, "म्हणजे रांगेत घुसवतेस!" खरं सांगायचं तर तसंच होतं ते.

या कामाला ब्राउझर वेगळा लागतो. रोजच्या वापरातला ब्राउझर माणसाला ओळखून असतो, त्याला आवडेल तेच पुढे करतो. मग गिऱ्हाइकाचं नाव खरोखर कितवं आहे ते कसं कळणार? म्हणून त्या सोमवारी सकाळी तिने लॅपटॉपवर कामापुरता नवा, कोरा ब्राउझर बसवला. खातं जोडलं नाही. जुने शोध साठवायचे नाहीत, अक्षर टाइप करताच सूचना द्यायच्या नाहीत, बंद करताच सगळं पुसायचं. ठिकाणही हाताने भरलं, तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक दंतवैद्य शहराच्या ज्या टोकाला होता तिथलं. आणि हात लागलाच आहे म्हणून जुना ब्राउझरही पार सुरुवातीपासून पुसून टाकला.

बाबा त्याच लॅपटॉपवर बसायचे. वर्षभर त्यांना विसरायला होत होतं. कधीकधी तिलाच अहोजाहो करून नाव विचारायचे. त्या दुपारी ती बाहेर गेली असताना ते घरातून निघाले, ते परतलेच नाहीत.

"त्यांनी काही बघितलं होतं का त्यावर? एखादा पत्ता, गाडीची वेळ?" ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं.

"मी सकाळीच पुसलं सगळं."

"न बघताच?"

तिला तिथेच रडू फुटलं. हवालदाराने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

चौथ्या दिवशी ती कामाला बसली, निदान हातांना काही चाळा म्हणून. दंतवैद्याचं बघायला नुसता 'द' टाइप केला आणि खाली सूचना आली: 'दार कोणत्या रंगाचं होतं'.

तिने सगळ्या सेटिंग्ज पुन्हा तपासल्या. सूचना बंदच होत्या. 'जवळचा दंतवैद्य' शोधलं. शोध कुठून घेतला जातोय ते पानाच्या तळाशी लिहून येतं. तिथे तिने भरलेलं ठिकाण नव्हतंच. दगडखाण, असं होतं. घरापासून तीस किलोमीटर.

पाचव्या दिवशी तळाशी कालव्याचा पूल होता. 'म' टाकल्यावर आलं: 'मुलगी घरी किती वाजता येते'.

तिने सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. "अगं, कोऱ्या ब्राउझरला कसली आलीये आठवण? तू आधी दोन घास खा आणि झोप काढ," मैत्रीण म्हणाली.

झोप कसली येते! ती ठिकाणं नकाशावर मांडत बसली. दगडखाण, कालवा, सहाव्या दिवशी आलेला साखर कारखाना. रेघ सरळ घराकडे येत होती. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. तिने हवालदाराला सगळं सांगितलं. भल्या माणसाने हसण्यावारी नेलं नाही, माणसं पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. बाबा खाणीच्या तळाशी सापडले होते.

"एखाद्या गाडीने तिथवर गेले असतील, मग पाय घसरला असावा," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, सोमवारीच गेले. फार हाल झाले नसावेत, ताई."

त्या दिवशी पानाच्या तळाशी स्टेशन रोड होता.

अंत्यसंस्कार झाले, माणसं पांगली, मावशी तेवढी तिच्या सोबतीला राहिली. ती रोज सकाळी ब्राउझर उघडायची. पाण्याची टाकी. शाळा. चौक.

मग एके दिवशी तिची स्वतःची गल्ली.

तिने दार सताड उघडलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली.

"कुणी यायचंय का गं?" मावशीने विचारलं.

"हो."

मावशी आत जाऊन भांडी आवरत राहिली.

तिने 'घ' टाइप केला.

'घर हेच का'.

"हो बाबा, हेच," ती मोठ्याने म्हणाली. "या ना आत. मीच आहे."

गल्लीत ऊन होतं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत होते. कुणीच आलं नाही.

अर्ध्या तासाने तिने पुन्हा शोधलं. तळाशी कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान.

पुन्हा. भाजी मंडई.

ती उठून धावली. मंडईपर्यंत बाबा, बाबा अशा हाका मारत गेली. लोक वाट सोडून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी तळाशी एका गावाचं नाव होतं. तिने ते कधी ऐकलंही नव्हतं. नकाशात पाहिलं, तर ते घराच्या दुसऱ्या बाजूला होतं, बावीस किलोमीटर पुढे.