दाराजवळचा म्हातारा

सांजवात लावायच्या आधी तसबिरीची काच पुसायची, हे वेदिकाचं ठरलेलं काम. मिरकरवाडा बंदराची दमट हवा. चार दिवस हात लागला नाही तर बुरशी धरलीच म्हणून समजा. चित्र सासऱ्यांनी, म्हणजे आत्मारामांनी, बोटीवर नोकरीला असताना हॉलंडहून आणलेलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी तपकिरी शाईत काढलेल्या रेखाटनाची प्रत. बायबलातला आंधळा टोबित दूर गेलेल्या लेकाची चाहूल लागताच धडपडत उठतो, आणि दार समजून भिंतच चाचपत राहतो.

आता आत्मारामांचेही डोळे काचबिंदूने गेलेले. रोज विचारायचे, "पोचला काय गो म्हातारा दाराशी?"

"अजून हातभर राहिलाय, बाबा."

"आणि आमचा दीपक?"

"ट्रॉलर वेरावळकडे गेलाय. येतील."

येतील कुठले! तिचा नवरा समुद्रात बुडून अकरा दिवस झाले होते. प्रेत जयगडच्या बाजूला लागलं, तिथेच अग्नी दिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हाताऱ्याचं काळीज हा धक्का सोसायचं नाही. मग काय, अख्ख्या वाडीने तोंडाला कुलूप लावलं. वेदिकाने हातातल्या बांगड्या तशाच ठेवल्या. आंधळ्याचे कान भारी तिखट, किणकिण थांबली असती तर त्यांना तेवढ्यावरून कळलं असतं. रडू आलं की बिचारी मिक्सर लावायची.

त्या संध्याकाळी काचेवर फडकं फिरवलं आणि तिचा हात थबकला. चित्रातल्या म्हाताऱ्याचा हात... कडीवर होता. दार किलकिलं झालं होतं.

"बाबा..." ती वळली. खुर्ची रिकामी. आत्माराम काठीशिवाय उंबऱ्यापाशी बसलेले. दार सताड उघडं. घरभर खाऱ्या पाण्याचा, ओल्या जाळ्यांचा वास. ती घाबरली, आणि जीवही भरून आला. तिच्या माणसाचाच वास होता तो.

"आला होता गो..." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज मात्र शांत होता. "सगळं सांगितलंन. म्हणाला, बाबा, तिला रागावू नका. तिला आता मोकळेपणी रडू द्या."

वेदिका त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून अकरा दिवसांचं रडली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

मग हळूच म्हणाले, "उजव्या पायाला दोरी आवळलेली त्याच्या. चालवत नव्हतं पोराला. गाठ लय गच्च... पण सोडवली मी."

जयगडला ती गाठ कुणालाच सुटली नव्हती. दोरीसकटच त्याला चितेवर ठेवलं होतं.

वेदिकाने सासऱ्यांचा हात दिव्यापाशी धरला. बोटांची सालं निघाली होती, आणि नखांत निळ्या नायलॉनचे ओले धागे होते.